मोरोक्को : प्रवासापूर्वीची माहिती

आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यातील राजेशाही देश. राजधानी राबात, सर्वांत मोठे शहर कासाब्लांका. १९१२ पासून फ्रान्स व स्पेन यांच्या संरक्षणाखाली असलेला हा देश १९५६ मध्ये स्वतंत्र झाला. राजे मुहम्मद सहावे १९९९ पासून गादीवर आहेत. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यास व्हिसा लागतो.

मोरोक्कोला केवळ अरब देश समजून जाणाऱ्याला तो अर्धाच दिसतो. अरब येथे सातव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. बर्बर लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथले. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात आणि पाहुण्यानेही तेच नाव वापरावे. रीफ पर्वतात तारिफित, मध्य ॲटलासमध्ये तामाझिग्त आणि सूस खोऱ्यात ताशेल्हित बोलली जाते. २०११ च्या राज्यघटनेने अमाझिग भाषेला अरबीच्या जोडीने राजभाषेचे स्थान दिले. सरकारी पाट्यांवर दिसणारी भौमितिक वळणाची अक्षरे तिच्या तिफिनाग लिपीची. शहरांतली अरबी बोली म्हणजे दारिजा. आखाती देशांत नोकरी करून अरबी शिकलेल्या मराठी माणसालाही ती सहज उमगत नाही. कार्यालये व हॉटेलांत फ्रेंच चालते. ‘सलाम’ सर्वत्र चालतो. ताशेल्हित किंवा तामाझिग्त बोलणाऱ्या गावात ‘अझूल’ म्हटले की समोरच्याचा चेहरा खुलतो.

फेस शहराची मदीना, म्हणजे जुनी वस्ती, १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्या गल्ल्यांत मोटारी शिरत नाहीत. ओझी खेचरांवरून जातात. मागून ‘बालक!’ अशी हाक आली की भिंतीला चिकटून वाट द्यावी. वाट दाखवण्याचा आग्रह धरून नंतर पैसे मागणारे भेटतात. अधिकृत वाटाड्याकडे ओळखपत्र असते. मशिदींत बिगरमुस्लिमांना बहुतेक ठिकाणी प्रवेश नाही. कासाब्लांकाची १९९३ मध्ये पूर्ण झालेली हसन दुसरे मशीद हा ठळक अपवाद. ती मार्गदर्शकासोबत पाहता येते. कोरीव लाकूडकाम आणि रंगीत फरश्यांची कला पाहायची तर फेसचा बू इनानिया व माराकेशचा बेन यूसुफ हे मदरसे खुले असतात, आणि ते चुकवू नयेत. माराकेशच्या जमा अल-फना चौकात साखळीला बांधलेली माकडे दिसतात. ती ॲटलासच्या जंगलांतून पकडलेल्या, नामशेष होण्याच्या धोक्यातील जातीची आहेत. त्यांच्यासोबत छायाचित्र काढून त्या धंद्याला पैसा पुरवू नये.

शाकाहारी माणसाने विचारूनच जेवावे. भाज्यांचे ताजिन बरेचदा मांसाच्या रश्शात शिजते. हरीरा सूपमध्येही मांस असू शकते. वाळलेल्या बाकल्याचे बिसारा आणि वांगी-टोमॅटोचे झालूक सहसा निर्धास्त खाता येते. शुक्रवार कुसकुसचा वार. रमझानमध्ये दिवसा बरीच उपाहारगृहे बंद असतात, सूर्यास्ताला रस्ते ओस पडतात, शिवाय देशाचे घड्याळ तासभर मागे घेतले जाते. गाड्या-विमानांच्या वेळा पुन्हा तपासाव्यात.

शहरात छोटी टॅक्सी (तीन प्रवासी, मीटरचा आग्रह धरावा), गावोगावी सामायिक मोठी टॅक्सी. तांजिअर–कासाब्लांका मार्गावर २०१८ पासून अल बोराक ही ताशी ३२० किमी वेगाची रेल्वे धावते. दौलताबाद आणि नंदुरबारची वर्णने सांगून ठेवणारा प्रवासी इब्न बतूता १३०४ मध्ये याच तांजिअरात जन्मला.

८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात जवळपास ३,००० माणसे दगावली. सर्वाधिक हानी उच्च ॲटलासमधील अमाझिग खेड्यांची झाली. तेथे जाणे टाळू नये. स्थानिक वाटाडे आणि घरगुती निवास घेतले तर पैसा त्याच गावात राहतो. ४,१६७ मीटर उंचीच्या तुबकाल शिखरावर चढण्यासाठी वाटाड्या बंधनकारकच आहे. पडझड झालेल्या घरांची छायाचित्रे मात्र घरातल्यांना विचारल्यावाचून काढू नयेत.

राजा, इस्लाम व पश्चिम सहारावरील मोरोक्कोचा दावा यांविरुद्ध जाहीर बोलणे कायद्याने महागात पडते. समलिंगी संबंधांना तुरुंगवासाची शिक्षा आहे. पोलीस व लष्करी ठिकाणांची छायाचित्रे काढू नयेत. परवान्यावाचून आणलेला ड्रोन विमानतळावरच अडवला जातो. दिरहॅम हे इथले चलन देशाबाहेर चालत नाही; त्यामुळे पैसे तिथे पोहोचल्यावर बदलावेत, पावत्या जपून ठेवाव्यात आणि उरलेले दिरहॅम परतीच्या विमानापूर्वी बदलून घ्यावेत.