पडझडीत शिकलेली सुतारकी

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या उभारणीवर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं. जागा कधी घेतली, कर्ज किती काढलं, पहिली कार्यकारिणी कोणती, हे सगळं अहवालात येणारच आहे. मी थोडा मागं जातो. आपल्या इमारतींच्या स्लॅबला ज्यांनी सेंट्रिंग लावलं, त्यातले बरेच कारागीर किल्लारीच्या भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीत तयार झालेले होते. मीही त्यातलाच एक. तो इतिहास लिहून ठेवायला आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं नुकतीच झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. आपला जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्या काळच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तरी एवढी माणसं मेली, ती मुख्यतः घरांमुळं.

आपल्या मराठवाड्यातलं जुनं घर कसं असतं ते गावाकडच्या सगळ्यांना माहीत आहे. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, जोडायला चिखल, वर माळवद. भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण आत ती दोन भिंती असते: बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये गोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. हादरा बसला की भिंत पोट काढते आणि दोन्हीकडं उलते. वर दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला टाकलेल्या मातीचे थर. काही माळवदांवर दोन-दोन फूट माती साचलेली मी स्वतः मोजली आहे. एवढं ओझं झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर.

पण त्याच घरात एक शहाणपणही होतं. ते म्हणजे लाकडाचा सांगाडा. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर सर, त्यावर किलच्या. घर मोजायचं ते खणात. जिथं छताचं वजन खांबांवर होतं आणि सांगाड्याचे सांधे घट्ट होते, तिथं भिंती ढासळल्या तरी माळवद खांबांवर उभं राहिल्याची उदाहरणं होती. जिथं तुळया सरळ भिंतीत खोचलेल्या होत्या, तिथं भिंतीबरोबर सगळंच खाली आलं.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. ५२ गावं नव्या जागी वसवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरं दुरुस्त करून मजबूत करण्याचाही एक कार्यक्रम होता, आणि तो १३ जिल्ह्यांत पसरलेला होता. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घरमालकाला नुकसान बघून १७,००० किंवा ३४,००० रुपये मिळायचे आणि काम त्यानंच करून घ्यायचं. एवढ्या गावांना सुतार आणि गवंडी पुरणार कुठून? म्हणून माझ्यासारखी बारावीनंतर हाताला काम नसलेली पोरं त्यात शिरली. मी १९९५ च्या उन्हाळ्यात औसा तालुक्यात एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. जातीनं आणि पेशानं ते सुतार, मी नव्हे. त्यांनी ते कधी काढलं नाही. फक्त पहिला महिनाभर रंध्याला हात लावू दिला नाही.

पहिला महिना टेकू लावण्यातच गेला. जुन्या घराच्या दुरुस्तीत छत खाली उतरवायचं नसतं, ते जागच्या जागी धरायचं असतं. तुळईखाली टेकू लावला, बुडाला फळी दिली, दोन्ही बाजूंनी पाचर ठोकली की मिस्त्री विचारायचे, "घेतलं का वजन?" डोळ्यानं ते कळत नाही. टेकूवर हातोडी हलकेच वाजवायची. सैल टेकूचा आवाज बद्द येतो, ताणलेल्याचा टणक. तो फरक कानाला कळेपर्यंत भिंतीचा एक दगडही हलवू द्यायचे नाहीत.

मग खांबाचं बूड. भिंतीत गाडलेला खांब वरून सागाचा, सरळसोट दिसायचा. पटाशीचं टोक बुडाला टोचलं की ओल आणि वाळवीनं झालेला भुगा बाहेर यायचा. खराब तेवढा भाग कापायचा, चांगल्या लाकडाचा तुकडा अर्धा-अर्धा चढवून बोल्टनं जोडायचा, आणि नवं बूड मातीत न गाडता दगडावर बसवायचं.

तिसरं काम तिरप्या टेकूचं. खांब आणि तुळई यांचा सांधा म्हणजे खोबण आणि कुसू. तो वजन पेलतो, पण घर आडवं हललं की बिजागरीसारखा फिरतो. म्हणून दोन्हीच्या कोनात तिरपा तुकडा बसवायचा. मिस्त्रींनी चार पट्ट्या खिळ्यांनी ठोकून चौकट केली आणि माझ्या हातात दिली. दाबली की तिरकी व्हायची. मग एक पट्टी तिरपी ठोकली. चौकट जाम. शाळेत त्रिकोणाची प्रमेयं पाठ केली होती, उपयोग त्या दिवशी कळला.

गवंड्यांची कामंही बघून-बघून शिकलो. दर चौरस मीटरला भिंतीतून आरपार भोक पाडायचं, त्यात आकडे केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. दोन्ही थर त्यानं बांधले जातात. नवी भिंत असेल तर दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर आरपार दगड. कोपऱ्यांना जाळी आणि गिलावा. आणि माळवदावरची जादा माती खाली. या शेवटच्या कामाला पैसा जवळपास लागत नाही, फक्त घमेली वाहायची.

तरीही आम्ही ज्या गावांत फिरलो, तिथं बहुतेकांनी जुनं घर मजबूत करून घेतलं नाही. मिळालेल्या पैशांत शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. ज्या दगडानं घरातली माणसं घेतली, त्यावर परत विश्वास ठेव असं कुणाला कोण सांगणार? एका आजीबाईनं मिस्त्रींना स्पष्टच विचारलं, "बाबा, तुझी लेकरं झोपव आत, मग मी झोपते." मिस्त्री त्या रात्री काम झालेल्या खोलीत स्वतः झोपले. मीही झोपलो. आजीबाई दुसऱ्या दिवशी आत आल्या. पण अशी घरं थोडी. बाकी ठिकाणचं सागवान व्यापाऱ्यांनी गाडीभर नेलं.

दुरुस्तीचं काम संपल्यावर आम्ही सेंट्रिंगला वळलो. टेकू, पाचर, ओळंबा तेच. फक्त वर माळवदाऐवजी ओलं काँक्रीट. असंच फिरत फिरत हिंगोलीत आलो आणि आपल्या सोसायटीच्या कामावर लागलो.

आता ते कारण. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला दहा-अकरा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे. परत १० जुलैला सकाळी सव्वासातच्या आत-बाहेर ४.५ चा. आपण सगळे पार्किंगमध्ये उभे होतो, आठवत असेल. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून आवाज येण्याच्या बातम्या कितीतरी वर्षं येत आहेत. किल्लारीतही आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, असेच छोटे धक्के बसले होते. म्हणून आपल्याकडं तसंच होईल असं मुळीच नाही. छोटे धक्के येऊन थांबल्याचीही उदाहरणं पुष्कळ आहेत. पण दोन्हीपैकी काय होणार ते आधी कुणी सांगू शकत नाही.

आपण इथं कॉलम-बीमच्या घरात आहोत. दुरुस्ती काढताना कॉलम-बीमला छिन्नी लागू द्यायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ. पण आपल्यापैकी निम्म्यांचे आई-वडील कळमनुरी, औंढा, सेनगाव, वसमतच्या खेड्यांत अजून माळवदाखाली झोपतात. या उन्हाळ्यात गावी गेलात की तीन गोष्टी करा. माळवदावर माती किती साचली ते बघा आणि जादा उतरवा. खांबाचं बूड पटाशीनं टोचून बघा. भिंतीनं कुठं पोट काढलंय का, ते ओळंबा सोडून बघा. काही खटकलं तर आईवडिलांची खाट त्या भिंतीपासून हलवा आणि मला कळवा. वय झालंय, पण टेकू वाजवून बघायला अजून येतो.