लिंबू, खिळा आणि दोन प्राध्यापक

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या सरकारी वसाहतीत लिंबांना मागणी येते. यंदा आमच्या घरचीही चार लिंबे त्या कामी आली. प्रत्येकात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचून, एकाची तार दुसऱ्याच्या खिळ्याला जोडीत गेल्यावर चिरंजीवांचा तांबडा एलईडी मंदपणे उजळला. जुन्या टॉर्चचा बल्ब मात्र पेटेना. एका लिंबातून सुमारे ०.९ व्होल्ट दाब मिळतो खरा, पण प्रवाह इतका क्षीण असतो की बल्बाची तार तापतच नाही.

त्या खिळ्याला आपण ‘गॅल्व्हनाइज्ड’ म्हणतो ते बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीच्या नावावरून, आणि दाब मोजावयाचा तो पाव्हियाच्या आलेस्सांद्रो व्होल्टाच्या नावाने. हयातीत एकमेकांचे प्रतिवादी असलेले हे दोन प्राध्यापक आमच्या लिंबांत असे शेजारी नांदत होते.

गॅल्व्हानी शरीरशास्त्रज्ञ. मेलेल्या बेडकाच्या तंगड्या दोन धातूंच्या जोडाने स्पर्श करताच आखडतात, तेव्हा वीज प्राण्याच्या शरीरातच असली पाहिजे, असे त्याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. व्होल्टाला ते आधी पटले, मग पटेनासे झाले. बेडूक निमित्तमात्र, वीज उपजते ती दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून, असे त्याचे म्हणणे. जिभेवर कथलाचा वर्ख आणि चांदीचे नाणे जोडून त्याने आंबट चवही घेऊन पाहिली! अखेर बेडूक वगळून त्याने चांदी व जस्त यांच्या चकत्यांची चळत रचली आणि प्रत्येक जोडीमध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा घातला. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीस पाठविलेल्या पत्रात या चळतीबरोबरच खाऱ्या पाण्याच्या पेल्यांची एक माळही वर्णिली आहे. आमची लिंबे त्या पेल्यांचीच वंशज.

तथापि व्होल्टाही अर्धाच बरोबर होता. पेल्यातले पाणी त्याच्या लेखी केवळ वाहक. वस्तुतः वीज मिळते ती जस्त झिजून विरघळते म्हणून. हे पुढे डेव्ही आणि फॅरडे यांच्या कामाने स्पष्ट झाले. पितळी भांड्यात ताक कळकते, हे आमच्या आजीला ठाऊक होते. धातू आंबटाला गप्प बसू देत नाही, इतके तिला पुरे होते. आणि मज्जातंतूंत वीज असतेच, तेव्हा गॅल्व्हानीही सर्वस्वी चुकला नव्हता.

पण आम्हां नोकरदारांचे मन गुंतते ते निराळ्याच ठिकाणी. नेपोलियनच्या विजयानंतर स्थापन झालेल्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकाने प्राध्यापकांकडे निष्ठेची शपथ मागितली. गॅल्व्हानीने ती नाकारली. १७९८ मध्ये नोकरी गेली, वेतन गेले, आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला तो वारला. ती चळत त्याला पाहावयास मिळालीच नाही. व्होल्टाने १८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर आपले प्रयोग करून दाखविले. सुवर्णपदक, वर्षासन आणि पुढे काउंट ही पदवी त्याला लाभली. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. महागाई भत्त्याच्या परिपत्रकाकडे डोळे लावून बसणारे आम्ही. ती शपथ आम्ही पहिल्याच दिवशी घेतली असती.

प्रदर्शन आटोपल्यावर खिळे उपसून पाहिले, तर त्यांच्यावरची चकाकी गेली होती. लिंबांचे सरबत करण्याचा बेत घरात निघाला, तो मात्र आम्ही मोडून काढला. खिळ्यावरचे जस्त त्या रसात उतरलेले होते.