जठराचा कर्करोग : एका शोधाचा इतिहास



सव येथील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर मी लहानपणी वडीलधाऱ्यांबरोबर जात असे. खरूज जावी, सांधे मोकळे व्हावेत, म्हणून माणसे तेथे स्नानाला येत. त्यांत मुंबईच्या गिरणीतून आजारी होऊन परतलेला आमच्याकडचा एक कामगार होता. दोन घासांत पोट भरते, ही त्याची तक्रार. गिरणीत असताना दीड वर्ष तो तिला ‘पित्त’ म्हणत होता. खाडा पडला की पगार कापला जाई. म्हणून तपासणी लांबणीवर टाकली आणि खायच्या सोड्यावर दिवस काढले. पोट उघडले तेव्हा कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. गाव म्हणाले, ‘नशीब!’ कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात तीस वर्षे गेल्यावर ‘नशीब’ हा शब्द कानी आला की मी कारण शोधू लागतो. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रीचे. त्या वाचनातून या रोगाच्या शोधाचा जो इतिहास मला उमगला, तो आज आपणापुढे ठेवतो.

आरंभी होती ती शस्त्रक्रिया. 1881 च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी एका स्त्रीच्या जठराचा रोगट भाग काढून उरलेला भाग आतड्याला यशस्वी रीतीने जोडला. स्त्री वाचली, परंतु काही महिन्यांतच रोग उलटला व ती गेली. शस्त्र दिसते तेवढेच कापते. जे आधीच पसरले आहे, त्यापुढे ते हतबल असते.

दुसरा प्रश्न आला तो ‘का?’ हा. 1941 साली परळला, गिरण्यांच्या ऐन वस्तीत, टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाची सांगड माणसाच्या राहणीशी घातली : तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाचा कर्करोग आणि धोतराच्या घट्ट काचाच्या जागी कमरेवर होणारा कर्करोग. 1952 साली तेथे संशोधन केंद्र निघाले; त्याचाच वारसा आज आपल्या रायगड जिल्ह्यात, खारघरला, चालू आहे.

जठरापुरते उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. 1982 साली पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वेगळा काढला. लोक मानीनात, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्करोगाचे कारण म्हणून मान्यता दिली. दाटीच्या खोल्या आणि अस्वच्छ पाणी असेल तेथे तो बहुधा बालपणीच पोटात शिरतो. परंतु येथे एक कोडे उभे राहते. भारतात हा जंतू असंख्य पोटांत आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांना कर्करोग कधीच होत नाही. मिझोराममध्ये जठराचा कर्करोग फार, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. खारवलेले व धुरी दिलेले अन्न, तंबाखू, आनुवंशिकता यांचा त्यात वाटा आहेच. तरीही, पेशीच्या आत नेमके काय बिघडते, हा प्रश्न उरतोच.

त्याचा एक धागा अगदी अनपेक्षित जागी सापडला : मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत. हा कृमी वेळेवर मोठा का होत नाही, एवढेच व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना पाहायचे होते. 1993 साली त्यांना सुमारे 22 अक्षरांचा एक चिमुकला आरएनए गवसला. त्याचे काम समजण्यास गिरणीचा दाखला पुरेसा आहे. पेशीतील जनुके म्हणजे मुख्य कचेरीतील नकाशांची वही. तिच्यातून नक्कल होऊन चिठ्ठी खात्यात जाते, आणि चिठ्ठीबरहुकूम प्रथिनांचा माल निघतो. हा चिमुकला आरएनए त्या चिठ्ठीला चिकटतो आणि ती अडवितो किंवा फाडून टाकतो. वही शाबूत राहते, पण माल निघत नाही. सात वर्षे बहुतेकांनी ही कृमीचीच लहर मानली. 2000 साली असाच दुसरा आरएनए माणसातही आढळला, तेव्हा डोळे उघडले. यांना मायक्रोआरएनए म्हणतात. या शोधाला 2024 चे नोबेल मिळाले.

जठराच्या कर्करोगात या चिठ्ठी अडविणाऱ्यांचा तोल ढळतो. मिर-21 नावाचा मायक्रोआरएनए तेथे फाजील वाढलेला आढळतो. पेशीची वाढ रोखणाऱ्या प्रथिनांच्याच चिठ्ठ्या तो अडवितो, आणि पेशी बेबंद वाढतात. जंतूचा जुनाट दाह त्याला खतपाणी घालतो. उलट मिर-200 या कुळाचे काम पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाची पाठराखण करण्याचे. हे कूळ क्षीण झाले म्हणजे बांधणी सुटते. मोकळ्या झालेल्या पेशी रक्तावाटे व लसिकेवाटे यकृताकडे निघतात. सवच्या त्या कामगाराच्या पोटात जे घडले, ते याच जातीचे होते.

म्हणून औषध सापडले, असे मात्र कोणी समजू नये. मिर-34 ची नक्कल करून बनविलेल्या एका औषधाची चाचणी, रोग्यांना गंभीर अपाय झाल्यामुळे, 2016 साली थांबवावी लागली. रक्तातील मायक्रोआरएनएवरून रोग लवकर ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मग आपल्या हाती काय? पुष्कळ आहे. जंतूची तपासणी होते व प्रतिजैविकांनी तो घालविता येतो. लवकर पोट भरणे, वजन घटणे, काळा शौच, ही लक्षणे ‘पित्त’ म्हणून झाकू नयेत. दुर्बिणीने जठर वेळीच पाहिले तर रोग लहान असताना सापडू शकतो. पण तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज, हा हिशेब जोवर कायम आहे, तोवर नोबेल मिळालेले ज्ञान कामगाराच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहील. भरपगारी तपासणीची रजा ही मागणी मी त्यासाठीच प्रत्येक करारात घालतो.

आणि पाणी! 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडात चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तो माणूस म्हणून समान हक्कासाठी. ते पाणी स्वच्छ असणे, ही त्याच हक्काची पुढची पायरी आहे. नशिबाशी भांडता येत नाही, कारणांशी येते.