टॅपेटचा आवाज थांबला तर

कळंब हे यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा वेगवान मोटारबोटीच्या इंजिनाशी इथल्या शाळेचा संबंध काय, असे कुणीही विचारील. पण झडपेचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, दुखणे ओळखण्याची रीत सगळीकडे सारखीच असते. सायकलच्या ट्यूबमधली हवा उतरत असेल तर दुकानदार व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहतो. इंजिनाचा मेकॅनिकही मुळात हेच करतो.

इंजिन उघडण्यापूर्वी तो प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजतो. एका सिलिंडरमध्ये दाब कमी भरला, तर स्पार्क प्लगच्या भोकातून थोडे तेल आत सोडून पुन्हा मोजतो. तेलाने पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट तेवढ्यापुरती बुजते. आता दाब वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर संशय झडपांवर. मग दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत त्या सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान द्यायचा. कार्बुरेटरकडे फुसफुस ऐकू आली तर आत घेणारी झडप गळते, एक्झॉस्टच्या नळीत आली तर बाहेर टाकणारी. झडप डोळ्यांना दिसत नसताना निदान होते. शाळेत तर्कशुद्ध विचार शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आता एक कोडे. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीचे इंजिन नुकतेच ओव्हरहॉल केले आहे. झडपा घासून बसवल्या, टॅपेटची फट नीट लावली. इंजिन काही काळ उत्तम चालले आणि मग ताकद कमी झाली. कॉम्प्रेशन उतरले. फुसफुस एक्झॉस्टकडे ऐकू येते. पण टॅपेट मात्र पूर्वीपेक्षा शांत! झिजलेले यंत्र खडखडते असा आपला अनुभव. इथे झीज झाली आणि आवाज कमी झाला, हे कसे?

उत्तरासाठी १९२१ सालात जावे लागते. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना त्या वर्षी असे आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोडे मिसळले की इंजिनाची ठोके मारण्याची खोड जाते. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीला आले. १९२४ साली हे संयुग हाताळणारे न्यू जर्सीतील ५ कामगार विषबाधेने मरण पावले, तरी पेट्रोलमधले शिसे टिकले. गंमत अशी की सुरुवातीला हेच शिसे झडपांचे शत्रू होते. त्याच्या ऑक्साइडचा थर प्लगवर आणि झडपांवर साचे, म्हणून ब्रोमिनची संयुगे मिसळून ते धुराबरोबर बाहेर घालवण्याची व्यवस्था करावी लागली. थोडासा थर तरीही राहत असे, आणि तोच पुढे उपयोगी पडला. मात्र हे कुणी ठरवून केले नव्हते.

एक्झॉस्ट झडप भर कामात सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर ती सेकंदाला २५ वेळा आपल्या सीटवर आपटते. तिची बरीचशी उष्णता या स्पर्शातूनच बाहेर जाते. सीट साध्या ओतीव लोखंडाची असेल तर तापलेल्या दोन्ही पृष्ठभागांवर सूक्ष्म ठिपक्यांत धातूला धातू चिकटतो. झडप उघडताना लोखंडाचे कण उपटले जातात, त्यांचे ऑक्साइड होऊन ते पॉलिशपेपरसारखे सीट खरवडतात. शिशाच्या संयुगांचा पातळ थर मध्ये असला की चिकटणे टळते.

थर गेला की सीट खचते आणि झडप हेडमध्ये वर वर सरकते. त्याबरोबर तिचा दांडा टॅपेटच्या जवळ येतो आणि मिलिमीटरचा लहानसा अंश असलेली ती फट मिटत जाते. फट मिटली की खडखड थांबते. मेकॅनिकला वाटते इंजिन सुधारले. प्रत्यक्षात झडप आता पूर्ण मिटतच नाही. गरम वायू तिच्या कडेवरून सुटत राहतात, कड जळते आणि कॉम्प्रेशन जाते. म्हणून अशा इंजिनाची टॅपेटची फट ठराविक तासांनी मोजून वहीत टिपणे हेच खरे निदान. एकदा मोजून फारसे कळत नाही. फट कोणत्या गतीने घटते आहे, ते वहीतल्या आकड्यांवरून कळते.

पण बोटच का? मोटारगाडी सपाट रस्त्यावर एकदा वेगात आली की इंजिनाच्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. उतारावर तर विश्रांतीच. पाणी बोटीला अशी सवलत देत नाही. वेगवान बोटीचे इंजिन तासन्‌तास जवळजवळ पूर्ण ताकदीवर चालते. अमेरिकेत १९८६ पासून पेट्रोलमधले शिसे जवळपास संपवले गेले, तेव्हा सर्वांत अधिक काळजी जुन्या बोटींच्या आणि ट्रॅक्टरच्या मालकांना वाटली. शेतीच्या इंजिनांवरील चाचण्यांत असे दिसले की हलक्या कामात सीट फारशी खचत नाही. जास्त वेग आणि जास्त भार एकत्र आले की खचते. ओव्हरहॉलने भर पडते ती अशी: सीट घासताना शिशाचा जुना थर निघून जातो, आणि सीटला उष्णतेने कठीण केलेला पातळ पापुद्रा दिला असेल तर तोही घासला जाण्याची भीती असते.

बोटीत आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे पाणी. एक्झॉस्ट थंड ठेवण्यासाठी त्यात पाणी सोडतात. वेगासाठी बदललेल्या कॅमशाफ्टमुळे दोन्ही झडपा एकाच वेळी अधिक काळ उघड्या राहतात आणि मंद गतीत ते पाणी उलटे आत ओढले जाऊ शकते. अशा झडपेवर गंजाचे खड्डे दिसतात आणि फट मात्र फारशी घटलेली नसते. खचलेल्या सीटची झडप खोल गेलेली असते. एक्झॉस्टमधली फुसफुस दोन्हींत सारखीच, कारणे वेगळी. नुसती नवी झडप घालून यांपैकी एकही जात नाही.

आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच मिळू लागले. विहिरीवरच्या डिझेल इंजिनांना याची झळ लागली नाही, कारण डिझेलमध्ये शिसे कधी नव्हतेच. लूना, राजदूत यांच्या टू-स्ट्रोक इंजिनांत तर अशा झडपाच नसतात. प्रश्न होता तो जुन्या पेट्रोल जीप-मोटारींचा. त्यावर उपायही साधा होता: हेडमध्ये कठीण मिश्रधातूची सीट-रिंग ठोकून बसवायची. लेथवरचे एका वेळचे काम.

या लहानशा खर्चासमोर दुसऱ्या पारड्यात काय होते, हे शिक्षकांनी जाणून घेण्याजोगे आहे. अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजून प्रसिद्ध केले. दोन हजारांहून अधिक मुलांविषयी त्यांनी वर्गशिक्षकांना साधे प्रश्न विचारले होते: मूल चटकन विचलित होते का, सूचना पाळू शकते का? कोणाच्या दातांत किती शिसे आहे, हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. दातांतले शिसे जसे वाढत गेले तसे शिक्षकांचे प्रतिकूल शेरेही वाढत गेलेले दिसले. रस्त्यावरच्या मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री २०२१ साली थांबली.