हे कुत्रे कोणाचे?

आमच्या परतुरात कुत्रे कोणी पाळीत नाही, कुत्रे राहते. हा भेद नुसता शब्दांचा नव्हे. गाय पाळतात, बैल पाळतात, शेळी पाळतात. त्यांना दावे असते आणि बाजारात त्यांची किंमत होते. गल्लीतल्या कुत्र्याला दावे नाही आणि दामही नाही. ते कोठून तरी येते, एखाद्या ओट्याखाली अंग मुरडून बसते, आणि चार दिवस कोणी हाकलले नाही म्हणजे पाचव्या दिवशी तिथले होते. मग कोणी त्याला मोत्या म्हणते, कोणी वाघ्या. नाव ठेवणारा घरचा कर्ताच असतो असे नाही. बहुधा एखादे शेंबडे पोर असते. पण नाव पडले की नाते लागले. त्यानंतर परक्या माणसाने विचारले, "हे कुत्रं कोणाचं?" तर उत्तर मिळते, "इथलंच हाय."

या 'इथलंच'ने मला पुष्कळ वर्षे कोड्यात टाकले आहे. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या कागदांत जिकडेतिकडे मालकी असते. वतने, इनामे, सनदा, खरेदीखते! जो कोणाचाच नाही त्याची नोंद दप्तरात होत नाही. मग या बेवारशी प्राण्याची आणि आपली गाठ पडली कशी, आणि ती टिकली कशी?

महाभारतातले उदाहरण सर्वांनाच ठाऊक आहे, पण त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. महाप्रस्थानाला निघालेल्या धर्मराजाबरोबर जे कुत्रे गेले ते त्याने पाळलेले नव्हते. ते आपण होऊन मागे लागले. ग्रंथात त्याला नावदेखील नाही. वाटेत द्रौपदी पडली, एकामागून एक भाऊ पडले. कुत्रे चालतच राहिले. शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि वर बस. तेव्हा धर्मराजाने 'हे माझे आहे' असे सांगितले नाही. आश्रयाला आलेल्याला मी टाकणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. पुढे ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म निघाला हे खरे; पण नकार देताना ते त्याला कोठे ठाऊक होते? आणि मौज अशी की, याच ग्रंथाच्या आरंभी आदिपर्वात सरमेच्या पिलाला जनमेजयाचे भाऊ विनाकारण बडवतात आणि ती आई राजाला यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. एवढ्या मोठ्या कथेच्या दारात एक मारलेले कुत्रे आहे आणि शेवटच्या उंबऱ्यावर एक न सोडलेले.

आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातला पुरावा याहून मुका, पण डोळ्यांना दिसणारा आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या काही वस्तू सापडल्या. त्यांत बैल जोडलेला एक रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि त्याच्या पुढे, जूकडे जाणाऱ्या दांडीवर, एक लहानसे कुत्रे उभे आहे. रथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. त्या कुत्र्याला ओढायचे काही नाही, वाहायचे काही नाही. ते नुसते बरोबर निघाले आहे. आजही परतूरच्या बाजाराला येणाऱ्या एखाद्या बैलगाडीखालून सावली धरून चालणारे कुत्रे पाहिले की मला तो रथ आठवतो.

मराठेशाहीने दोन कुत्री मागे ठेवली. रायगडावरच्या वाघ्याचे स्मारक १९३६ सालचे. वाघ्याच्या कथेला शिवकाळातील कागदाचा आधार सापडत नाही आणि त्यावरून आपल्याकडे भरपूर वाद झाले आहेत. २०१२ साली पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला. त्या भांडणात मी पडत नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या मात्र पक्का ऐतिहासिक. संगम माहुलीला कृष्णेच्या काठी त्याची समाधी आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची हकीकत दिली आहे: वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. एकदा भर दरबारात कुत्र्याला जरीवस्त्रे आणि दागिने घालून त्याच्या डोक्यावर आपली पगडीही ठेवली. डफसाहेबाला यात राजाच्या बुद्धीचा दोष दिसतो. मला तसे वाटत नाही. १६८९ पासून १७०७ पर्यंत ज्याचे बालपण आणि तारुण्य मोगलांच्या छावणीत गेले, ज्याच्याभोवती सगळेच मुजरे हिशेबाचे होते, त्याला बिनहिशेबी जीव ओळखता येत असेल.

पण खंड्याला राजा मिळाला. ज्यांना कोणीच मिळाले नाही अशा कुत्र्यांसाठी एक अख्खे शहर उठले, तो प्रसंग मुंबईचा आणि तारीख ६ जून १८३२. शाळेच्या पुस्तकांत हा प्रसंग नसतो.

कंपनी सरकारचा त्या वेळी नियम होता की, ठरावीक मुदतीत रस्त्यावरची मोकाट कुत्री मारून टाकावीत. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या साली ही मुदत जूनमध्ये लांबवली. आठ आणे ही काही लहान रक्कम नव्हती. शिपाई दारातली, अंगणातली कुत्रीही ओढून नेतात अशी लोकांत ओरड झाली. त्यातच तो दिवस पारशांच्या सणाचा. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे आहे. माणूस गेला म्हणजे त्याचे प्रेत कुत्र्याला दाखवतात. या विधीला 'सगदीद' म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेले, म्हणजे जणू चार डोळ्यांचे कुत्रे त्याला उत्तम. आपल्या ऋग्वेदात यमाची दोन कुत्रीही चार डोळ्यांचीच आहेत. ही दोन घरे किती जुन्या काळी एक होती याची ती खूण. सणाच्या दिवशी रस्त्यात कुत्री ठेचून मारलेली पाहून जमाव चिडला आणि त्याने शिपायांना मार दिला.

एवढ्यावर भागते तर ती एका जमातीची दंगल ठरली असती. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांच्या बरोबरीने हिंदू, जैन, खोजे दुकानदारही उतरले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडवली गेली. मुंबईत संपाचे हत्यार पुढे फार गाजले. पण इतक्या आधी ते उगारले गेले होते, आणि तेही मजुरीसाठी किंवा करासाठी नव्हे, तर उकिरड्यावर जगणाऱ्या कुत्र्यांसाठी! लष्कर बोलवावे लागले. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. जमशेटजी जीजीभाईंसारख्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी मध्ये पडून माफीसाठी खटपट केली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा पुढे आला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजींच्याच पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

विद्वान या दंग्याची कारणे पुष्कळ सांगतात. शेटियांना सरकारला आपली ताकद दाखवायची होती, वगैरे. ते खोटे नसावे. पण ताकद दाखवायला कुत्रेच का मिळाले? मला वाटते, सरकारचा आणि लोकांचा झगडा एका प्रश्नावर होता. सरकार विचारत होते, हे कुत्रे कोणाचे? मालक नसेल तर आठ आणे. आणि लोकांना त्या प्रश्नाचा अर्थच लागत नव्हता.

हा प्रश्न मी स्वतः एकदा ऐकला आहे.

१९६० च्या सुमाराची गोष्ट. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. अण्णा दर शनिवारी सेलूहून मीटरगेजच्या गाडीने येत. एका रात्री त्यांच्यामागून स्टेशनावरचे एक तांबडे, एका कानाने लुळे कुत्रे आमच्या दारापर्यंत आले आणि परत गेलेच नाही. धाकट्या बहिणीने त्याला मोत्या म्हटले. आजी सोवळ्यातली, तिने त्याला उंबरा ओलांडू दिला नाही, पण तव्यावरची शेवटची भाकरी त्याची, हा नियमही तिनेच घातला. मोत्या आमच्या एकट्यांचा नव्हता. सकाळी तो समोरच्या सोनारकाकांच्या ओट्यावर असे, दुपारी कासाराच्या दुकानात, रात्री गल्लीच्या तोंडाशी.

त्या वर्षी अश्विनात गावात एक पिसाळलेले कुत्रे शिरले आणि आमच्याच गल्लीतल्या सहा वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावले. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती काय असते हे आजच्या मुलांना कळायचे नाही. रोग एकदा दिसू लागला की सुटका नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही बहुतेक तसेच आहे. पाश्चरने १८८५ साली लस शोधली, तरी आपल्याकडे पुढे जवळजवळ शंभर वर्षे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस देत. तीच ती पोटातली चौदा इंजेक्शने. भारतात तिचे उत्पादन थांबले ते २००४ च्या अखेरीस. त्या पोराला रोज धरून निजवावे लागे आणि त्याच्या किंकाळ्या ऐकून आमच्या घरचे जेवण थांबे. पोरगा वाचला.

लगेच गावातली कुत्री मारायला माणसे आली. त्यांच्याजवळ विषाचे लाडू होते आणि काठ्या होत्या. त्यांचेही मी वाईट म्हणत नाही. पोरांचे जीव वाचवायलाच ती आली होती. दोन दिवसांत चावडीपासून बाजारापर्यंत कुत्री आडवी पडली. तिसऱ्या दिवशी ती माणसे आमच्या गल्लीत शिरली. मोत्या तेव्हा आमच्या बळदात कोंडलेला होता. सोवळ्या आजीने स्वतःच्या हाताने त्याला धान्याच्या बळदात लोटून दार लावले होते! आतून तो भुंकला. काठीवाल्याने विचारले, "हे कुत्रं कोणाचं?" अण्णा गावात नव्हते. आई गप्प. तेवढ्यात त्या चावलेल्या मुलाची आई पुढे आली. तिच्या कडेवर ते पोर होते, पोट सुजलेले. ती म्हणाली, "कोणाचं म्हंजे? इथलंच हाय ते. त्यानं न्हाई चावलं."

ती माणसे थोडा वेळ थांबली आणि गेली. त्या बाईने नंतर किती तरी दिवस आपल्या मुलाला मोत्याजवळ जाऊ दिले नाही. भाकरी मात्र लांबून टाकीत असे.

हे नाते कशाने बांधलेले आहे? भाकरीने, असे सहज म्हणता येईल. पण कोलकात्याच्या विज्ञान संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले आहेत. २०१७ साली त्यांनी दाखवले की, अनोळखी माणसाने नुसते खायला घातले तर कुत्र्याचा विश्वास फारसा बसत नाही. पुन्हा पुन्हा अंगावरून हात फिरवला तर बसतो. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली सापडलेल्या एका थडग्यात स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक पिलू पुरलेले आहे. त्याच्या दातांवरून अलीकडे असे अनुमान काढले की, ते लहानपणीच आजारी होते आणि कोणी तरी शुश्रूषा केल्याशिवाय इतके आठवडे जगले नसते. शिकारीला त्याचा काय उपयोग होता? चौदा हजार वर्षांपूर्वीही कोणाची तरी आजी असेलच.

कायद्याला 'इथलंच' हा शब्द सापडायला मात्र फार काळ लागला. २००१ च्या नियमांनी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करून, लस टोचून जागच्या जागी सोडायचे ठरवले. २०२३ च्या नव्या नियमांत तर मालक नसलेल्या प्राण्याला वस्तीचा प्राणी मानले आहे. मुंबईच्या दंग्यानंतर एकशे एक्याण्णव वर्षांनी! पण प्रश्न मिटला असे नाही. मुले अजून चावली जातात, आणि ज्या आईबापांचे मूल गेले त्यांच्यापुढे धर्मराजाची कथा सांगण्याची माझी छाती नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो सौम्य करून, पिसाळलेली आणि हिंस्र वगळता बाकीची लस टोचून परत सोडायला सांगितली. मग ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथली कुत्री हलवून ती परत तेथे सोडू नयेत असा आदेश झाला.

मोत्या ज्या फलाटावरून आमच्याकडे आला तो फलाटही त्यात आला. आता तेथे ब्रॉडगेजच्या गाड्या थांबतात. हा आदेश झाल्यानंतर मी परतूरला उतरलो, तेव्हा चहाच्या टपरीमागे एक कुत्री पोत्यावर निजली होती आणि चार पिले तिला लुचत होती. टपरीवाल्याला मी तिचे नाव विचारले. "राणी," तो म्हणाला. आणि पिलांची? "दोघांची ठेवलीत," त्याने कप विसळता विसळता सांगितले, "दोघांची अजून राहिलीत."