गूगलविना अँड्रॉइड : या विषयात येणाऱ्यांसाठी

अँड्रॉइड म्हणजे गूगल, अशीच आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. या विषयाचा अभ्यास सुरू होतो तो या दोघांना वेगळे करून पाहण्यापासून. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सवर उभा आहे आणि त्याचा सोर्स कोड 2008 पासून खुला आहे. तो कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या फोनवर चालवावा. गूगलची खरी पकड आहे ती त्यावरच्या थरावर. प्ले स्टोअर आणि नकाशे आपल्याला दिसतात, पण 2012 मध्ये आलेली ‘प्ले सर्व्हिसेस’ पडद्याआडच काम करते. ठिकाण शोधणे, नोटिफिकेशन पोचवणे अशा कामांसाठी हजारो ॲप तिच्यावर विसंबून असतात. हा थर काढला की फोन सुरू राहतो, कॉल लागतात, फोटो निघतात. मात्र एखाद्या ॲपमधला नकाशा कोरा राहतो, दुसऱ्याचे निरोप येईनासे होतात. कोणता धागा कुठे बांधलेला आहे हे तेव्हा कळू लागते, आणि मला वाटते, या विषयाची गोडीही तिथेच लागते.

हे धागे सोडवणारे लोक बहुतांशी स्वयंसेवक आहेत. 2009 मध्ये सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली आली. 2010 मध्ये रेप्लिकंट ही तशीच दुसरी प्रणाली आणि फक्त मुक्त सॉफ्टवेअर ठेवणारे एफ-ड्रॉइड हे ॲपचे भांडार सुरू झाले. सायनोजेनमॉडमागच्या कंपनीने आधार काढल्याने ते 2016 च्या अखेरीस बंद पडले, तेव्हा त्याच कोडवर लिनिएजओएस उभे राहिले. कंपनी मागे हटली तरी काम बुडत नाही, ही खुल्या परवान्याची ताकद त्या वेळी दिसली. मायक्रोजी हा प्रकल्प प्ले सर्व्हिसेसची कामे खुल्या कोडमध्ये नव्याने लिहितो. ग्राफिनओएस ही प्रणाली सुरक्षेला सर्वांत वर ठेवते, आणि ते वापरणारे आजवर गूगलचाच पिक्सेल घेत आले आहेत. नवख्याला हे विसंगत वाटते. पण पिक्सेलवर दुसरी प्रणाली टाकून बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग, पुन्हा कुलूपबंद करता येतो. बहुतेक फोनांवर ही सोय मिळत नाही.

नोटिफिकेशनचेच उदाहरण घ्या. प्रत्येक ॲपने आपल्या सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी उघडी ठेवली तर बॅटरी लवकर संपेल. म्हणून सर्वसाधारण अँड्रॉइड फोन गूगलशी एकच जोडणी ठेवतो आणि बहुतेक ॲपचे इशारे तिच्यातून येतात. तांत्रिकदृष्ट्या ही उत्तम युक्ती आहे. पण पत्र पाकीटबंद असले तरी ते कुणाच्या दारी कधी आले हे पोस्टमनला ठाऊक असतेच. सरकारे गूगल आणि ॲपलकडे नेमकी ही माहिती मागतात, हे अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून डिसेंबर 2023 मध्ये जगासमोर आले. युनिफाइडपुश ही पद्धत इथे एक वाट काढते: जोडणी एकच, पण ती कोणत्या सर्व्हरशी असावी हे फोनवाला ठरवतो, हवे तर स्वतःचा सर्व्हर चालवतो.

सर्वांत अवघड गाठ बँकेची आहे. ‘प्ले इंटिग्रिटी’ नावाच्या तपासणीतून ॲप गूगलला विचारते, हा फोन मान्यताप्राप्त आहे का? उत्तर नकारार्थी आले तर काही बँकांची ॲप उघडतच नाहीत, मग त्या फोनवरची प्रणाली कितीही अद्ययावत आणि सुरक्षित असो. एखाद्या नागरिकाला स्वतःच्या खात्यापर्यंत पोचू द्यायचे की नाही, यात एका खासगी कंपनीच्या शिक्क्याला एवढे वजन असावे, हे मला मान्य नाही. आपल्याकडे *99# आणि मार्च 2022 मध्ये आलेले यूपीआय 123पे हे पैशांच्या व्यवहाराचे मार्ग साध्या फोनवरही चालतात. त्यांचा विचार गरिबांसाठीची सोय एवढाच होतो. या विषयाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे स्वातंत्र्याचा मार्ग म्हणूनही पाहावे.

कायद्याच्या अंगाने येणाऱ्यांना भारतातच भरपूर सामग्री आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या गैरवापराच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाने गूगलला दिलेल्या निर्देशांपैकी चार रद्द केले. दंडाच्या आकड्यावर खूप लिहिले गेले. त्या रद्द झालेल्या निर्देशांचा अभ्यास अधिक उपयोगाचा आहे.

सुरुवात मात्र फोन फ्लॅश करण्यापासून, म्हणजे त्यावर दुसरी प्रणाली टाकण्यापासून, करू नये. आहे त्याच फोनवर एफ-ड्रॉइड टाकावे. तिथे प्रत्येक ॲपच्या पानावर, ते मागावर राहते का, एखाद्या बंद सेवेवर अवलंबून आहे का, हे स्पष्ट नोंदलेले असते. ती नोंद वाचायची सवय लागली की बाकीचे हळूहळू जमते. मराठी लिहिण्यासाठी मल्याळी कार्यकर्त्यांच्या स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या गटाने बनवलेला इंडिक कीबोर्ड आहे. गूगलच्या नकाशाऐवजी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घेता येते. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशाची माहिती वापरतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. शहरांत ते पुष्कळ कामाचे आहेत. खेड्यांत अजून उणिवा आहेत: वाडी आहे पण नाव नाही, नाव आहे पण देवनागरीत नाही, पाणंद आणि पाणवठा तर नाहीतच. त्या भरायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. गाव ठाऊक असलेला कुणीही ओपनस्ट्रीटमॅपवर एक मोफत खाते उघडून ती नावे मराठीत नोंदवू शकतो.