पत्रादेवीच्या अलीकडे

माझ्या आजीचं माहेर पेडण्याकडचं आणि सासर बांद्याचं. सकाळी पेज पिऊन पायी निघालं तर दुपारच्या जेवणाला माहेरी पोचावं, एवढंच अंतर. तरी तिचे वडील वारले ते तिला बाराव्या दिवशी कळलं. साल १९५६, भर आषाढ. काजूच्या रानातल्या आडवाटेने एक माणूस चिंब भिजून आला, खळ्यात उभा राहिला आणि काही न बोलता त्याने डोक्यावरची घोंगडी खाली घेतली. आजी समजली. विहिरीवर जाऊन तिने डोक्यावरून पाणी घेतलं. ‘माका बापाशीचा तोंडव बघूक मिळूक नाय,’ हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही.

तोवर पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याची हद्द बंद झाली होती. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, मुरगावला जाणारी रेल्वे थांबली, परवान्याशिवाय ये-जा नाही. पण आजीचं कोडं साधं होतं. इंग्रज गेले, फ्रेंचांनी १९५४ मध्ये पाँडिचेरी सोडली, मग हे फिरंगी का जात नाहीत? एवढासा तो देश, एवढी मोठी आपली फौज!

आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते फळीवरचा नकाशांचा जाडजूड ग्रंथ काढत आणि अटलांटिक महासागराच्या मधोमध बोट टेकवत. तिथे माशी बसल्यासारखे काही ठिपके. अझोर्स बेटं. ‘आपली वेस इथे अडकली आहे बघ,’ ते म्हणत. ती बेटं पोर्तुगालची आणि त्यांवर अमेरिकेचा विमानतळ. अमेरिकेहून युरोपकडे जाणारी लष्करी विमानं तिथे उतरत. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो कराराचा संस्थापक सदस्य. रशियाच्या धास्तीने बांधलेल्या त्या गोटात सालाझारसारखा हुकूमशहाही आपला माणूस ठरला होता. त्याने १९५१ मध्ये घटनाच बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असं नाव दिलं. म्हणजे पेडणं हा पोर्तुगालचा प्रांत, आणि बांद्याची सून परदेशी.

१५ ऑगस्ट १९५५ ची गोष्ट आमच्याकडे दरवर्षी सांगितली जाई. आदल्या रात्री बांद्यात सत्याग्रही उतरले होते. पुण्याकडचे होते, पंजाबातले होते, मध्य प्रदेशातले होते. आमच्या पडवीत तिघे झोपले. पाऊस लागलेला. आजीने पहाटे उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड दिली. त्यांतला एक अगदी कोवळा पोरगा होता. त्याला पेज ठाऊक नव्हती. चमच्याने खायची की ओठांना लावून प्यायची, हे त्याने आजीला खुणेने विचारलं. दुपारी हद्दीवरच्या पत्रादेवीकडून गोळ्यांचे आवाज आले. तिघांतले दोघे परतले. तो पोरगा नव्हता. त्याचा वाडगा आजीने पुढे वापरात आणला नाही, आणि टाकलाही नाही. त्या दिवशी हिरवे गुरुजी, कर्नैलसिंग आणि इतर कितीतरी निःशस्त्र माणसं धारातीर्थी पडली.

त्यानंतर नेहरूंनी सत्याग्रह थांबवले. आमचे चुलत आजोबा समाजवादी, नानासाहेब गोऱ्यांना मानणारे. हा विषय निघाला की संतापाने त्यांचा आवाज चिरके. ‘जगापुढे सोवळं मिरवायला आमच्या पोरांचे बळी दिले,’ ते म्हणत. आजोबा वाद घालत नसत. गप्प बसत. मलाही वाटतं, त्या सहा वर्षांच्या वाट पाहण्याचा हिशेब मांडणाऱ्याने आजीचा तो बारावा दिवस धरलाच पाहिजे. परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतल्या फायली असं समजणाऱ्यांनी हद्दीवरच्या एखाद्या सासुरवाशिणीला विचारावं.

१९५५ च्याच अखेरीला दोन महासत्तांनी गोव्यावरून आपापले पत्ते टाकले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोवा भारताचा, असं उघडपणे सांगत होते. लगेच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर निवेदन काढलं आणि त्यात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत मानलं. शेजारचं पाकिस्तान अमेरिकेच्या करारांत बांधलेलं. दाबोळीच्या नव्या धावपट्टीवरून कराचीला विमानं जात. आजीच्या भावाला माहेरच्या वाटेने चालत येता येत नव्हतं, पण गोव्यातून कराचीला उडत जाता येत होतं.

अखेर १८ डिसेंबर १९६१ ला दोडामार्गाकडून फौजा आत शिरल्या. पोर्तुगिजांनी माघार घेताना पूल उडवले, पण मरेपर्यंत लढा हा सालाझारचा हुकूम गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी पाळला नाही. १९ तारखेला संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. त्याच वेळी न्यूयॉर्कला काय चाललं होतं, ते मात्र फार थोड्यांना आठवतं.

आजोबांना आठवत होतं. पेठेतल्या दुकानात रेडिओभोवती अर्धं गाव जमलेलं आणि ते मधोमध. सुरक्षा समितीत पोर्तुगालची तक्रार गेली होती. अमेरिकेचे स्टीव्हन्सन भारतावर तुटून पडले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला: गोळीबार थांबवा, भारताने फौजा मागे घ्याव्यात. ११ पैकी ७ हात वर झाले. विरोधात ४. सोव्हिएत रशियाचा नकाराधिकार होता म्हणून ठराव पडला, हे खरं. पण आजोबा उरलेल्या तिघांची नावं घेत, देवाची घ्यावीत तशी: सिलोन, लायबेरिया, इजिप्त.

या तिघांनी आधी स्वतःचा ठराव मांडला होता, पोर्तुगालची तक्रार फेटाळावी असा. तो ४ विरुद्ध ७ असा पडला. इजिप्त तेव्हा संयुक्त अरब प्रजासत्ताक या नावाने बसत होता. लायबेरियाचं अमेरिकेशी जुनं नातं, तिला गप्प राहणं सोयीचं होतं. तरी ती उठली, कारण त्याच वर्षी अंगोलात पोर्तुगिजांच्या बंदुका आफ्रिकी माणसांवर चालत होत्या. सिलोनला पोर्तुगिजांचे दात आपल्याइतकेच ठाऊक होते. हे तिन्ही देश १९५५ च्या बांडुंग परिषदेत आपल्या शेजारी बसले होते. तुर्कस्तानही बसला होता, पण नाटोच्या दावणीला बांधलेला, म्हणून त्याचा हात दुसरीकडे गेला.

पुढच्याच वर्षी चीनने हल्ला केला तेव्हा सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाव्हो बंदरनायके यांनी कोलंबोला सहा देशांची बैठक घेतली. चीनला आक्रमक म्हणायचं धाडस त्या बैठकीने केलं नाही. चुलत आजोबांनी ‘बघा तुमचे मित्र’ म्हणून टोचलं. आजोबांना ते लागलं. पण थोड्या वेळाने म्हणाले, ‘गरिबाचा शेजार आहे रे. त्याच्या दारातही तोच वाघ बसलाय.’ मला त्यांचंच पटतं. छोट्या शेजाऱ्यांकडून शौर्याची अपेक्षा करायची आणि त्यांना वर्षानुवर्षं गृहीत धरायचं, ही आपली जुनी खोड आहे, आणि ती आजही गेलेली नाही.

हद्द उघडली तशी आजी माहेरी गेली. भावाने तिला वडिलांची काठी दिली. बांद्याच्या घरात ती काठी अजून दाराआड उभी आहे, आणि कपाटात तो वाडगा.

मुंबईहून गोव्याला जाताना बांदा सोडलं की पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक लागतं. गाडी थांबवा, मुलांना खाली उतरवा. हिरवे गुरुजींचं नाव सांगा, कर्नैलसिंगांचं सांगा. आणि सिलोन, लायबेरिया, इजिप्त ही तीन नावंही तिथेच उभं राहून सांगा.